झिलमिल

पवनचक्कीच्या नियमांचा इंग्रजी मसुदा हिंदीत करायचं काम माझ्याकडे आलं, कारण शंकर नगरच्या आमच्या ऑफिसात माझं हिंदी चांगलं समजतात. घरात मराठी, बाहेर हिंदी, असं तीन पिढ्या चाललेलं आहे. अभनपुरच्या पुढे एक पवनचक्की उभी राहायची होती. तिच्या फिरत्या पात्यांची सावली घरावरून फिरत राहिली की उजेड सारखा जातो-येतो. मसुद्यात त्याला एक इंग्रजी शब्द होता. मी लिहिलं, ‘छाया की मार’.

साहेब म्हणाले, “मार? पढ़ते ही लोग आपत्ति करेंगे. कुछ अच्छा-सा लिखिए.”

मी लगेच लिहिलं, ‘छाया-झिलमिल’. साहेबांनी वाहवा केली. घरी बायकोला कौतुकानं सांगितलं, तर ती म्हणाली, “नियम लिहून राह्यले का लग्नपत्रिका?” मी हसलो. तिचं बरोबर होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

गावच्या बैठकीत नियम मीच वाचून दाखवले. चक्कीच्या सगळ्यात जवळच्या घरातली बाई शिवणकाम करते. तिनं विचारलं, “झिलमिल मतलब, भैया?”

“शाम को थोड़ी-सी छाया, दीदी.”

“हव, तो ठीक है,” म्हणाली आणि हरकतीच्या कागदावर तिनं काही लिहिलं नाही.

चक्की सुरू झाल्यावर थंडीत मी चक्कीपासून घरांचं अंतर मोजायला गेलो. ऊन कलल्यावर तिच्याकडे चहाला बसलो. अचानक खोली काळी झाली, उजळली, परत काळी झाली. शिलाई मशीनवरचा तिचा हात थांबला. आतल्या खोलीला खिडकी नाही, उजेड नाही, त्यामुळे मशीन तिथे नेता येत नव्हतं. सावली सरेपर्यंत रोज संध्याकाळी काम बंद. मी सुईत दोरा ओवून द्यायला घेतला. मलाही जमलं नाही.

“इसी को झिलमिल कहते हैं?” तिनं विचारलं. “किसने लिखा, भैया?”

“ऊपर से आया था,” मी म्हणालो.

“ऊपरवालों को क्या पता यहाँ का,” असं म्हणून तिनं उलट माझीच समजूत काढली आणि कपात आणखी चहा ओतला. निघताना, वर कागद पाठवून बघतो, असं मी तिला सांगून आलो.

त्या वेळात चक्की थांबवता येते, तशी नियमात सोय आहे. पण त्यासाठी हरकत घ्यावी लागते, आणि हरकतीची मुदत संपली. बैठकीत अर्थ चुकीचा सांगितला असं नियम वाचून दाखवणाऱ्यानंच लेखी दिलं, तरच ती पुन्हा उघडेल. ते देऊ शकणारा माणूस एकच आहे. कागद मी लिहिलाय, अर्ध्या पानाचा. सही केलेली नाही. नोकरीची काही वर्षं राहिली आहेत, असं स्वतःला सांगतो.

काल तिचा फोन आला. “भैया, हमारे कागज का कुछ हुआ?”

कागद समोरच्या ड्रॉवरमध्ये होता. मी म्हणालो, “ऊपर से अभी नहीं आया, दीदी.”