‘बंद करतो’ म्हणणारे मामाजी

अर्धवट राहिलेलं बोलणं ज्याला दातात अडकलेल्या सुपारीसारखं दिवसभर छळत राहतं असा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझ्या बायकोचा मामा निघाला. मामाजींनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून काढली. इतकी वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडली आणि तोडली, की निवृत्त झाल्यावरही स्वभाव त्या बोर्डापुढेच बसून राहिला. समोर बसलेल्या माणसालाही ते आधी विचारणार, "आहेस का?" तुम्ही ‘आहे’ म्हटल्याशिवाय पुढचा शब्द नाही. आणि बोलणं संपलं की "बंद करतो" असं स्वच्छ सांगून मगच उठणार. देवळातून निघताना हात जोडून "बंद करतो" असं पुटपुटताना मी त्यांना या कानांनी ऐकलं आहे. देवाची काय प्रतिक्रिया झाली ते कळायला मार्ग नाही.

माझ्या लग्नाच्या पंगतीत ते माझ्या वडिलांना वांग्याच्या बियाण्याबद्दल काहीतरी सांगत होते, तेवढ्यात कुणीतरी वडिलांना हाक मारून नेलं. झालं. तिसऱ्या दिवशी मामाजी एसटीनं आमच्या गावी, गोंदियाजवळच्या गोरेगावला आले, आठवडी बाजारात वडिलांना हुडकून काढलं, "तर ते बी रात्रभर भिजवून लावाचं. बंद करतो," एवढं बोलले आणि परतीच्या गाडीत बसून निघूनही गेले. वडील हातात मेथीची जुडी धरून तसेच उभे. घरी आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की तुझ्या सासरकडची बाकीची माणसं तरी बरी आहेत ना.

अशा माणसाच्या आयुष्यात एकच बोलणं अर्धवट राहिलं होतं, आणि तेही सख्ख्या धाकट्या भावाचं. गोंदिया जिल्हा नवा झाला त्या वर्षीची गोष्ट. चिचगडकडे फोन करायचा तर कॉल बुक करून ताटकळावं लागे आणि लाईन एकच. भाऊ राहायला सालेकशाला, पण त्या दिवशी तो गोंदियाला येऊन चिचगडच्या पाहुण्यांशी पोरीच्या सोयरिकीचं बोलत होता. तीन मिनिटं झाली. मागे कुणाचा तरी डॉक्टरसाठी कॉल खोळंबला होता. भाऊ म्हणत होता, "आता तुम्हाले एक स्पष्ट सांगतो..." आणि मामाजींनी नियमाप्रमाणे बोर्डावरची पिन ओढून लाईन तोडली. पाहुण्यांना वाटलं, पोरीच्या बापानं फोन आपटला. पुन्हा लाईन मिळेपर्यंत सोयरीक मोडली. पुढे त्या पोरीचं बालाघाटकडे छान झालं. नवरा भला, दोन मुलं, काका म्हटलं की जीव टाकते. तिचा राग कधीच गेला. बापानं मात्र तिच्या वाटचाही राग घेऊन तो नीट जपून ठेवला आणि भावाशी बोलणं टाकलं.

"तोडाले हरकत नवती," मामाजी मला एकदा म्हणाले. "सांगून तोडाचं होतं. मी सांगतलो नाई." ‘बंद करतो’ची सवय त्या दिवसापासूनची. हे कळेपर्यंत आम्ही सगळे तिला हसत होतो. मला फार लाज वाटली.

ती सोयरीक मोडल्यावर दहा-बारा वर्षांनी मी नागपूरची नोकरी सोडून गोंदियात राईस मिलवाल्यांसाठी प्रोग्राम लिहायचा उद्योग काढला. ऑफिस म्हणजे मामाजींच्या घराची पुढची खोली. वजनकाट्यावर धानाचा ट्रक चढला की त्याचं वजन मिलच्या ऑफिसात, गोदामात आणि मालकाच्या मोबाईलवर लगेच पोचायचं, असा सगळा मामला. हे निरोप मध्ये झेलून ज्याचे त्याला देणारा एक प्रोग्राम असतो, त्याला आमच्या धंद्यात ब्रोकर म्हणतात. मामाजींना समजावं म्हणून मी म्हटलं, हे आपलं एक्स्चेंजच समजा. इथेच घात झाला. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी टाकली ती कायमची.

नवा धान आला आणि माझ्या हुशारीची परीक्षा सुरू झाली. सकाळी सगळं गुण्यागोविंदानं चाले. दुपार झाली की ब्रोकर हटून बसे, नवी जोडणी घ्यायला तयार नाही. गोरेगावच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागे आणि मिलचा मुनीम फोनवर म्हणे, "भैया, फिर बैठ गया आपका सिस्टम." मी ब्रोकर बंद करून पुन्हा चालू करी, संध्याकाळपर्यंत निभे. दोष मी नेटवर्कला दिला, विजेला दिला, एकदा तर काट्यावरच्या धुळीला दिला. स्वतःचं नाव तेवढं आठवलं नाही.

मामाजी आठवडाभर पडद्यावरचा एक वाढत जाणारा आकडा बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, हे काय मोजून राहिलं? मी म्हटलं, उघड्या जोडण्या. काटे किती? सात. आणि जोडण्या? मी वाचलं, नऊशे बारा. मामाजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सात जण बोलून राहिले, अन् नऊशे लाईनी उघड्या? कोनाच्या आहेत ह्या?"

माझ्याच होत्या. दर ट्रकमागे माझा प्रोग्राम नवी जोडणी उघडत होता, वजन सांगत होता आणि ती बंद न करता उठून चालू लागत होता. ज्या घरात देवाचाही निरोप घेऊन निघतात त्या घरात बसून मी हे लिहिलं होतं. मामाजी रागावले नाहीत. आतून कापडी पिशवी घेऊन आले. त्यांची एक बहीण चिचगडला असते. दर शनिवारी एसटीच्या ड्रायव्हरजवळ ते तिच्याकडे एक पिशवी पाठवतात. त्यात बहिणीच्या गोळ्या, शेजारणीचा दुरुस्त केलेला चष्मा, तिथल्या गुरुजींसाठीचं पत्र, सगळ्यांच्या वेगवेगळ्या पुरचुंड्या, प्रत्येकीवर नाव. दहा जणांच्या दहा वस्तूंसाठी दहा वेळा बसस्टँडवर जायचं का, असं त्यांनी मला विचारलं. पिशवी एक, पुरचुंड्या दहा.

मी दोन दिवस बसून सगळं नव्यानं लिहिलं. प्रत्येक काट्याची एकच जोडणी, सकाळी उघडायची, वजन, पावती, गाडी नंबर यांचे निरोप तिच्याच पोटातल्या वेगवेगळ्या वाटांनी सोडायचे आणि काटा बंद होताना ब्रोकरला रीतसर सांगून ती मिटवायची. पडद्यावर सात हा आकडा आला आणि हलला नाही. मामाजी येता-जाता तो बघून जात. बराच वेळ ट्रक आला नाही तरी जोडणी अधूनमधून ब्रोकरला नुसती ‘आहे’ अशी खूण पाठवते, हे ऐकल्यावर तर त्यांना भरून आलं. म्हणाले, मी जन्मभर हेच करून राहिलो तर घरचे हसत होते.

मग प्रश्न उरला लाईन मध्येच तुटली तर काय करायचं याचा. मी लिहिलं होतं की दर सेकंदाला एकदा, असं दहा वेळा पुन्हा जोडून पाहायचं. मामाजींना ते पटेना. समोरचा पडला असेल तर त्याला उठून तरी बसू दे, असं त्यांचं म्हणणं. बरं, दहा वेळा नाही जमलं तर? मी म्हटलं, तर सोडून द्यायचं, प्रोग्राम थांबतो.

"काऊन सोडाचं?" मामाजी म्हणाले. मग हळूहळू सांगू लागले. भावाला त्यांनी आधी रोज फोन केला. भावजय उचलायची आणि ‘घरी नाहीत’ म्हणायची, मागे त्याचा खोकला ऐकू यायचा. मग आठवड्यातून एकदा केला. मग महिन्यातून. आता फक्त दिवाळीच्या सकाळी करतात.

"सोडाचं नाई," ते म्हणाले. "अंतर वाढवाचं."

मी दहाचा आकडा पुसून टाकला. तेव्हापासून माझा प्रोग्राम प्रत्येक अपयशानंतर आधीपेक्षा जास्त वेळ थांबतो, पण प्रयत्न सोडत नाही. असं करायची रीत आमच्या धंद्यातल्या पुस्तकांतही आहे, हे मला नंतर कळलं. मला ती मामाजींकडून मिळाली.

त्या दिवाळीला ऑफिस बंद होतं, पण मी फराळाला गेलो होतो. मामाजींनी मोबाईल पाटावर ठेवला. कानांनी दगा द्यायला सुरुवात केल्यामुळे आवाज मोठा करून ठेवायची त्यांची पद्धत, त्यामुळे घंटा सगळ्या घरभर वाजत होती. तिकडे कुणीतरी उचलला. मामाजी नेहमीप्रमाणे म्हणाले, "आहेस का?"

भावजयीचं ‘घरी नाहीत’ येईल म्हणून आम्ही सगळे चकलीकडे बघत होतो. ते आलंच नाही. नुसता खोकला ऐकू आला, या वेळी अगदी जवळून.

"आहे," भाऊ म्हणाला.

मामाजींचा हात ताटातच राहिला. तिकडूनच आवाज आला, "त्या दिवशी मी त्यायले एक स्पष्ट सांगून राहिलो होतो." पुन्हा खोकला. "म्हणत होतो, पोरगा आमाले पसंत आहे."

एवढंच वाक्य होतं. इतकी वर्षं ते त्या माणसाच्या तोंडात तसंच राहिलं होतं. मामाजींचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. त्यानंतर दोघंही काही बोलले नाहीत. सालेकशाच्या अंगणातला कोंबडा तेवढा ऐकू येत होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन मिनिटं होऊन गेली, मग चार, मग पाच. मामाजी ‘बंद करतो’ म्हणाले नाहीत.

आता त्यांना जवळपास ऐकूच येत नाही. तरी रोज सकाळी सालेकशाचा फोन येतो. मामाजी "आहेस का?" विचारतात. तिकडून भावाचं ‘आहे’ आलं की मी त्यांच्या तळहातावर एकदा बोट टेकवतो. मग ते मान हलवतात आणि फोन तसाच मांडीवर ठेवून चहा पितात.