ज्याचा कप नापास, त्याची झाडं

मूर्खपणाला ना खत लागतं, ना पाणी. आमच्या शेतकरी गटात तर तो बांधावरसुद्धा उगवतो. पेठकडच्या आमच्या गावात आठ घरांनी आंब्याच्या सावलीत कॉफी लावलीय. झाडं आम्ही पोरापोरींनी जगवली, अक्कल मात्र म्हाताऱ्यांनी वाटली. मी ॲग्रीचं दुसरं वर्ष सोडून आले, म्हणून माझं मत मोजायचं नाही असा अलिखित ठराव आहे. मग किस्से साठतात. पोटात ठेवले तर अल्सर होईल, म्हणून सांगून टाकते.

*

विष्णूकाकांनी उभी हयात दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीची मजुरी केली. हात एकदम साफ! ऑक्टोबर लागला आणि काका कात्री घेऊन कॉफीत शिरले. फांद्यांवर हिरवी फळं लगडलेली. दुपारपर्यंत सगळी जमिनीवर.

"काका, हे काय केलंत?"

"ऑक्टोबर छाटणी!"

"ती द्राक्षाला असते!"

"ऑक्टोबर काय एकट्या द्राक्षाचा हाय का?"

*

चांगली कॉफी हवी तर फक्त लाल फळ तोडायचं. बाकीचं पिकलं की पुन्हा फेरी मारायची. एवढंच! पण आमचे अध्यक्ष नामदेवआप्पा फांदी मुठीत धरतात आणि ओरबाडतात. हिरवं, पिवळं, लाल, पानं, एकदा तर मुंगळासुद्धा. मी बोलले, तर म्हणे, "भाजल्यावर सगळी काळीच होत्यात ना गं?"

*

पुढच्या वर्षी काकांनी कात्री लावली नाही. मी खूश. तर ते टमाट्याला मारायचं रंगाचं औषध घेऊन आले. "हिला लालच पायजे ना? घे!" चार दिवसांत झाडं कुंकवासारखी लाल! मी एक फळ फोडून चावलं. आत कच्चं.

"बाहेरून लाल झालं ना? आतलं बघाया कोण जातंय?"

आमच्या गावात लग्नंसुद्धा याच वाक्यावर जमतात.

*

कॉफी शेजारचा वास ओढून घेते. म्हणून मी ती जमिनीपासून वर वाळवायला बांबूचा मांडव बांधला, त्यावर जाळी ताणली. आप्पा खो-खो हसले. "मांडव घातलास, नवरा कुठाय?"

स्वतःची कॉफी त्यांनी गच्चीवर टाकली. "माळकऱ्याच्या घरात कसला वास? आमच्याकडं कांदासुद्धा चालत नाय!"

*

यंदा नाशिकचा एक कॉफीवाला चव बघायला येणार होता. आप्पांनी मीटिंगमध्ये फर्मान काढलं, "ज्याचा कप नापास, त्याची झाडं उपटायची. कॉलेज सोडलेल्यांनी तर आत्ताच कुदळ काढून ठेवावी!"

सगळे हसले. माझे बाबाही हसले! वर घरी येऊन कुदळीला नवा दांडा बसवला. ज्या झाडांना मी पाच उन्हाळे डोक्यावरून पाणी आणून घातलं, त्यांच्यासाठी! तीन दिवस मी बाबांशी बोलले नाही.

*

कॉफीवाला आला. यंदा तिघांचाच माल तयार होता, म्हणून शाळेच्या ओट्यावर तीन कप मांडले, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी उलटी ठेवलेली. बाबा कुदळ घेऊनच आले होते.

तो चमच्याने फुर्रकन ओढायचा आणि डब्यात थुंकायचा. "थुकला! नापास!" काका ओरडले. चिठ्ठी उलटली, तर त्यांचाच कप.

"कच्ची आहे. रंग मारलाय का?" काका चपला शोधायला लागले.

दुसरा कप. ओढला. थांबला. पुन्हा ओढला आणि गिळला. "ही जेवढी असेल तेवढी मी घेतो." चिठ्ठी उलटली. माझं नाव. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही पाहिलं.

तिसरा. त्याने नाक कपात घातलं, बाहेर काढलं, परत घातलं. चिठ्ठी उलटली. "नामदेवआप्पा कोण? तुमच्या कॉफीशेजारी काय वाळत होतं हो? बोंबील?"

कोणी हसलं नाही. सगळ्यांचे डोळे आप्पांच्या गळ्यातल्या माळेवर. आप्पांनी हळूच उपरणं वर ओढलं.

बाबा उठले. कुदळ दोन्ही हातांनी आप्पांपुढे धरली.

"घ्या आप्पा. दांडा नवाच हाय."