धुळाची तारीख

भरे गावच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. रोज सकाळी सव्वासहाला धनाजी तो ओल्या फडक्यानं पुसतो, वाळू देतो आणि त्या तारखेला पूर्वी घडलेल्या चार गोष्टी लिहितो. एक जगातली, एक देशातली, एक महाराष्ट्रातली, आणि चौथी पिवळ्या खडूनं, गावची. पिरंगुटला पहिल्या पाळीला जाणारे कामगार बस येईपर्यंत फळा वाचतात. त्यातल्या बिहारच्या दोघांना मराठी वाचता येत नाही. ते "आज क्या हुआ था, चाचा?" म्हणून विचारतात आणि धनाजी आपल्या हिंदीत सगळं सांगतो.

धनाजी पंचायतीचा शिपाई. धनगराच्या घरातला, सातवीपर्यंत शिकलेला. त्याच्याकडे तीनशे सहासष्ट पानांची एक जाड वही आहे, एका तारखेला एक पान. नियम एकच. दोन वेगळ्या ठिकाणी सापडल्याशिवाय कुठलीही गोष्ट फळ्यावर जात नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या दिनविशेषांवर त्याचा विश्वास नाही. तिथं एकच माणूस तीन वेगळ्या दिवशी जन्मतो, असं तो सांगतो.

चौथी ओळ त्यानं अकरा वर्षांपूर्वी सुरू केली. गावच्या गोष्टींना पुस्तक नाही. शाळेची दुसरी खोली कधी बांधली, वस्तीवर वीज कधी आली, हे माणसांना विचारावं लागतं, आणि जुनी माणसं तारीख सांगत नाहीत, तिथी सांगतात. मग धनाजी गुरवाच्या माळ्यावरून त्या वर्षाचं पंचांग काढतो आणि तिथीवरून तारीख लावतो.

त्यातली एक ओळ साऱ्या गावाला पाठ होती. २९ मे. जगाच्या रकान्यात, १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. गावच्या रकान्यात, १९९१ साली धुळा विहिरीत उतरला. विहीर खोदताना कड ढासळून तीन मजूर आत अडकले होते. मेंढरं घेऊन चाललेल्या धुळानं कमरेला दोर बांधला, दोघांना वर काढलं, आणि तिसऱ्यासाठी उतरला तेव्हा उरलेली कड खाली आली. धनाजी त्या वेळी कळप घेऊन कोकणात होता. परत आला तेव्हा सुतक फिटून गेलं होतं.

धुळाची बायको सुंदरा आता पंचाहत्तरीची आहे. तिला अक्षर येत नाही. पण दर २९ मेला ती धुतलेलं लुगडं नेसून फळ्यापाशी यायची, धनाजीकडून चारही ओळी वाचून घ्यायची आणि बसची वाट पाहणाऱ्यांना ऐकवायची की, जगातल्या सगळ्यात उंच डोंगरावर माणूस चढला तो माझ्या मालकाचा दिस. कोणी हसायचं नाही.

या मार्चमध्ये लवळ्याच्या कॉलेजातली जुईली नावाची मुलगी फळ्याचे फोटो काढायला आली. तिला चौथ्या ओळींना छापील पुरावा हवा होता. पुण्याच्या एका ग्रंथालयात तिनं १९९१च्या मे अखेरीची वर्तमानपत्रं चाळली. काही नव्हतं. धनाजी म्हणाला, आदल्याच आठवड्यात राजीव गांधींची हत्या झाली होती, गावच्या विहिरीला जागा कोण देणार? तिला ते पटलं, तरी ती मागची पानं उलटत गेली. एप्रिलच्या वीस तारखेला तिनं एका कात्रणाचा फोटो पाठवला. बातमी १ मेच्या अंकातली होती. अपघात २९ एप्रिलचा.

धनाजीनं पंचांग पुन्हा काढलं. सुंदरानं त्याला वैशाखी पौर्णिमेचा दुसरा दिवस सांगितला होता. त्यानं बुद्धपौर्णिमा शोधली होती, २८ मे, आणि त्यात एक दिवस मिळवला होता. चार पानं आधी अधिक वैशाख छापलेला होता. त्या वर्षी वैशाख दोन होते, आणि पहिल्याची पौर्णिमा २८ एप्रिलला होती. शिवाय, सुंदराचं बोलणं आणि पंचांग हे त्यानं दोन पुरावे धरले होते. पुरावा एकच होता. पंचांगानं फक्त त्याचा हिशेब जुळवून दिला होता.

सरपंच शेखरला त्यानं हे सांगितलं. तो म्हणाला, महिनाभर मागंपुढं झालं तर कोण बघतंय, म्हातारीला एव्हरेस्टचा दिवस लाभलाय तर लाभू दे की.

"मग एव्हरेस्टबी हलवतो थोडा," धनाजी म्हणाला. "त्ये तरी कोण बघतंय?"

बोलायला तो ठसक्यात बोलला, पण सुंदराच्या दारात जायला त्याला तीन दिवस लागले. फळ्यावरची चूक फडक्यानं पुसता येते. त्या म्हातारीनं अकरा वर्षं जे चारचौघांत ताठ मानेनं सांगितलं होतं, ते काढून घ्यायला जायचं होतं.

सुंदरा अंगणात शेळीला पाला घालत होती. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. चूक माझी, हे आधी सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"धोंड्याचा म्हैना व्हता त्यो," ती म्हणाली. "आदल्या दिशी जावई जेवाय आल्ता. धोंडे तसंच डब्यात ऱ्हायले."

"मग सांगितलं का न्हाईस, काकी?"

"तू इचारलंस कुटं? तिथी इचारलीस, तिथी सांगितली. मला वाटलं, सरकारची तारीख येगळी आसंल."

तिला काळजी एकाच गोष्टीची होती, नाव निघणार तर नाही ना. धनाजी म्हणाला, नाव राहील, दिवस बदलेल. मग तिनं विचारलं, की त्या दिवशी दुसरं कोण हाय. धनाजी पान पाठ करूनच आला होता. राजा रविवर्म्याचा जन्म, १८४८. देवांची चित्रं काढणारा. घराघरांतली छापील लक्ष्मी-सरस्वती त्याची, आणि त्याचा छापखाना पुढं मावळात, मळवलीला होता.

"मळवलीला? आमची मेंढरं बसायची तितं." ती आत पाहत म्हणाली. भिंतीवर फ्रेममध्ये लक्ष्मी होती. "त्यो डोंगर कुनी बघितलाय? ह्यो आपला हाय."

२९ एप्रिलला ती सहा वाजताच फळ्यापाशी येऊन उभी होती. धनाजीनं पिवळ्या खडूनं धुळाची ओळ लिहिली आणि खाली पांढऱ्यानं आणखी एक: ही घटना आजवर २९ मेला लिहिली जात होती, ती चूक लिहिणाऱ्याची. खाली स्वतःचं नाव घातलं. कोणाला ते वाचायची गरज पडली नाही, कारण सुंदरानंच ते आल्यागेल्याला ऐकवलं. एका महिन्यानं एव्हरेस्टच्या दिवशी ती आली नाही.

धनाजीच्या वहीत तिथीवरून लावलेल्या त्र्याण्णव नोंदी आहेत. त्यातल्या अकरा अशा महिन्यातल्या निघाल्या, जो त्या वर्षी दोनदा आला होता. सध्या दुपारच्या सुट्टीत तो त्या अकरा घरी जातो आणि आधी एकच विचारतो, त्या दिवसांत धोंडे केले होते का? आतापर्यंत सहा घरं झाली. दोन तारखा चुकल्या होत्या. दोन्ही फळ्यावर त्यानं स्वतःच्या नावासकट दुरुस्त केल्या आहेत.