आर्वोच्या आईची भट्टी

माझ्या नवऱ्याचं, आर्वो कांगासचं, उभं आयुष्य दुसऱ्यांच्या तळघरांत गेलं. आमच्या या लोखंडाच्या खाणींच्या गावात घर तिथे तळघर आणि तळघर तिथे गॅसची भट्टी. ती भर हिवाळ्यात बंद पडली तर आधी नळ गोठतात आणि मग माणसं. थंडी पडली की आमचा फोन थांबायचा नाही आणि आर्वो घरात टिकायचा नाही. खाणींसाठी इथे देशोदेशीची माणसं येऊन राहिलेली. माझं माहेर स्लोव्हेनियन, बडबड्या लोकांचं. लग्नाआधी माझी आई म्हणाली होती, "विदा, फिनिश माणूस करतेयस, वर्षाला दहा वाक्यं बोलेल." घरी तो तेवढीही बोलायचा नाही. पण लोकांच्या तळघरात शिरला की त्याला कंठ फुटायचा.

तो डबा घरी विसरायचा, म्हणून पोचवायला मी कधीकधी जायचे आणि तमाशा बघत उभी राहायचे. त्याची तपासणी भट्टीपासून सुरू व्हायचीच नाही. आधी स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या काचेवर बोट फिरवायचा. आतून पाणी ओघळत असेल तर त्याचा चेहरा बदलायचा. गॅस जळला की वाफ होते. ती धुराड्यातून वर जायच्या ऐवजी घरातच राहिली तर काचेवर बसते, आणि वाफ घरात राहिली म्हणजे तिच्याबरोबरचं विषही राहिलं. मग खाली जाऊन तो ज्योत बघायचा. निळी आणि ताठ असेल तर ठीक. पिवळी, आळसावलेली दिसली तर म्हणायचा, "हिला श्वास पुरत नाहीये." सगळ्यात शेवटी भट्टीच्या वर, धुराड्याच्या तोंडाशी पत्र्याची टोपी असते, तिच्या कडेला पेटती काडी धरायचा. काडीचा धूर टोपीत ओढला गेला की धुराडं चालू आहे. तो उलटा आपल्या तोंडावर आला, तर मात्र पहिल्यांदा माणसं बाहेर काढायची.

तेल महागल्यापासून गावाला घरं बंद करायचं वेड लागलं होतं. खिडक्यांवर प्लास्टिक, दाराच्या फटीत पट्ट्या, घराच्या पायाभोवती गवताच्या पेंढ्या. भट्टीला जळायला हवा मिळावी म्हणून तळघराच्या भिंतीतून एक नळा बाहेर काढलेला असतो. त्यातून गार वारा येतो म्हणून आमची शहाणी माणसं त्यातच चिंध्या कोंबायची. स्टान्को नावाच्या आमच्या शेजाऱ्याच्या नळ्यातून आर्वोनं एकदा अख्खी उशी ओढून काढली.

"पायाला गारठा लागतो रे," स्टान्को म्हणाला.

"मग मोजे घाल. भट्टीच्या नाकावर उशी कशाला?"

"बायको म्हणाली."

"तिला म्हणावं, पुढच्या वेळी सरळ नवऱ्याच्याच तोंडावर धर. तेवढाच वेळ वाचेल."

असा हा माणूस. त्या हिवाळ्यात त्याच्या स्वतःच्या आईचं जे झालं, त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

माझ्या सासूबाई, लेम्पी, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहायच्या. सासरे खाणीतल्या अपघातात गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाई फटकळ. मी केलेल्या अक्रोडाच्या रोटीला त्या सगळ्यांदेखत चिकटपट्टी म्हणायच्या आणि वर दोन तुकडे खायच्या. कॉफी पातळ झाली की कप माझ्यासमोर धरून विचारायच्या, "अगं विदा, यात कपाचा तळ दिसतोय, तो बघायला दिलायस का मला?" मीही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हते. आमचं बरं चाललं होतं.

नोव्हेंबरात त्यांचं डोकं दुखायला लागलं. मग विसरणं सुरू झालं. एकदा मी ओव्हन उघडला तर आत बर्फातले बूट. साखरेच्या डब्यात कॉफी आणि कॉफीच्या डब्यात बटणं. मला त्या आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागल्या. पुढे पुढे वाक्य अर्ध्यावरच सोडून द्यायच्या आणि नुसत्या बघत राहायच्या. ते बघणं मला सोसायचं नाही. मी मुद्दाम पाणचट कॉफी करून द्यायचे, निदान टोमणा तरी मारतील म्हणून. त्या मुकाट्यानं प्यायच्या. रविवारी चर्चमध्ये मात्र सगळी भजनं तोंडपाठ म्हणायच्या, त्यामुळे तिथल्या बायका म्हणत, लेम्पी चारचौघांत कशी ठणठणीत असते.

डॉक्टरांनी तपासलं आणि वयाचा परिणाम आहे म्हणाले. खरं सांगायचं तर आर्वोनं डॉक्टरच्याही आधी आईची भट्टी तपासली होती. डोकेदुखी म्हटलं की त्याला दुसरं काही सुचायचंच नाही. एका सोमवारी सकाळी जाऊन त्यानं सगळी दारं लावली, स्वयंपाकघरातला पंखा लावला, कपडे वाळवायचं यंत्र लावलं, म्हणजे घरातली हवा बाहेर ओढणारं जे जे काही होतं ते सगळं. मग काडी धरली. धूर थोडा रेंगाळला, पण टोपीतच गेला. ज्योत निळी. "भट्टी बरी आहे," घरी येऊन तो म्हणाला. "आईच बरी नाही."

त्यानं घरातलं सगळं चालू केलं, एक सौना सोडून. सौना म्हणजे तळघरातलीच वाफेची खोली, तिची लाकडं जाळायची वेगळी शेगडी आणि वेगळं धुराडं. सौना शनिवारचा. सोमवारी सकाळी तो कोण पेटवणार? शिवाय फिनिश माणसाला सौना हे यंत्र वाटतच नाही. तो घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. त्याच्यावर कोण संशय घेईल?

आणि डोकं दुखलं की फिनिश माणूस करतो काय? सौना पेटवतो. सासूबाईंनी आधी शनिवारबरोबर बुधवारही धरला. मग जास्त दुखायला लागलं तेव्हा मनाला येईल तेव्हा त्या लाकडं ढकलायला लागल्या. आम्हाला वाटलं, बरंच आहे, तेवढंच अंग शेकतं. मी स्वतः त्यांना लाकडं चिरून खाली रचून द्यायचे.

नाताळच्या आदल्या दिवशी रिवाजाप्रमाणे आम्ही सौनाला आणि जेवायला त्यांच्याकडेच होतो. सकाळपासून त्या एकट्या खाली विस्तव सांभाळत होत्या. आम्ही आलो, वाफ घेतली, बर्फात पळालो, पुन्हा आत आलो. दार सारखं उघडझाप होत होतं. तरीही जेवताना सगळ्यांची डोकी जड झाली होती आणि आम्ही बिअरला नावं ठेवली. सासूबाई ताटाकडे बघत बसल्या होत्या. मासा तसाच राहिला. घरी परतताना आर्वो वाटेत म्हणाला, "नवीन वर्षात वृद्धाश्रमात खोली बघू." मी हो म्हटलं. हे असं किती दिवस चालणार होतं?

खोली मिळाली. जायच्या आधीच्या शनिवारी दुपारी आम्ही दोघं सामान बांधायला गेलो. मी वर कपडे काढत होते. आर्वो ट्रंक आणायला खाली गेला. सासूबाईंनी नेहमीसारखा सौना पेटवला होता आणि तो तापेपर्यंत त्याच्या दाराबाहेर, तळघरातल्या बाकावर बसल्या होत्या. त्या घरातला तो शेवटचा शनिवार आहे, हे त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं. सांगून कळणार काय, असं वाटलं होतं.

खालून आर्वोची हाक आली. मोठी नव्हती. "विदा, खाली ये. आईला बाहेर ने. कोट राहू दे."

मी उतरले. तो भट्टीसमोर उभा होता, बोटांत पेटलेली सिगारेट. तळघराच्या छोट्या खिडकीवरून पाण्याचे ओघळ भिंतीवर आले होते. भट्टी नुकतीच आपोआप पेटली होती आणि आतली ज्योत पिवळी पडून डोलत होती. सिगारेटचा धूर टोपीकडे जात नव्हता. टोपीपासून लांब पळत होता, सरळ सौनाच्या दाराखालच्या फटीकडे. आत शेगडी धडधडत होती आणि घरातली सगळी हवा ओढून घेत होती. घर चहूकडून बंद. मग हवा येणार कुठून? भट्टीच्या धुराड्यातून ती उलटी खाली येत होती, आणि भट्टीचा सगळा धूर तळघरात. त्या धुरात माझी सासू पाय पसरून बसली होती.

मी त्यांना काखेत धरून जिन्यावरून वर ओढलं. आर्वोनं भट्टी बंद केली, शेगडीतली लाकडं बादलीत काढून बर्फात फेकली, दारं उघडी टाकली. मग तो बाकामागे गेला, जिथे त्यानं स्वतः भिंतीतून हवेचा नळा बसवून दिला होता, आणि म्हणूनच तो तपासायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. त्यात हात घातला. आतून सासऱ्यांचा करडा लोकरी स्वेटर निघाला, घट्ट गुंडाळलेला. बाकावर बसलं की पाठीला वारा लागायचा, म्हणून सासूबाईंनी तो थंडी सुरू झाली तेव्हाच कोंबला असणार. त्या सोमवारी सौना थंड असताना भट्टीचं बाकीच्या फटींतून भागत होतं. सौना पेटला की नाही.

आर्वो स्वेटर हातात घेऊन अंगणात आला आणि बर्फात बसला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "मी काडी धरली होती," तो म्हणाला. "विदा, मी काडी धरली होती." मला एकदम भडभडून आलं आणि त्याच क्षणी त्याला मारावंसंही वाटलं. डोकेदुखीवर म्हणून त्या जो उपाय करत होत्या त्यानंच डोकं दुखत होतं, आणि त्याची लाकडं मी चिरत होते. कुणावर चिडायचं तेच कळेना.

इस्पितळात रक्त तपासलं, त्यात भट्टीच्या धुराचं विष निघालं. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला. मग आम्ही त्यांना आमच्या घरी आणलं. वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवलं, पण त्या भानावर परत येतील की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं. विष साचत साचत जातं आणि थोडं तसंच राहूही शकतं, एवढंच कळलं. आर्वो कामावरून आला की कोटही न काढता आईसमोर बसायचा. "आई, आज वार कोणता?" त्या चुकीचा वार सांगायच्या आणि हा उठून भांडी घासायला लागायचा.

मग एक दिवस वार बरोबर आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली. एकदा भांड्यांचं कपाट उघडून म्हणाल्या, "हे कुणी लावलंय? आंधळ्यानं?" मी न्हाणीघरात जाऊन रडले.

बर्फ वितळायला लागला तेव्हाची एक सकाळ. सासूबाई आमच्या टेबलाशी वेलदोड्याच्या गोड पावाचं पीठ मळत होत्या, कोपरापर्यंत पांढऱ्या. आर्वो समोर कॉफी पीत बसला होता. इतका खुशीत मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "तू परत आलीस बघ."

त्यांनी मळणं थांबवलं नाही. "मी गेले कुठे होते?"

"म्हणजे तेव्हा तुला काही कळत नव्हतं ना."

"कोण म्हणतं?"

आर्वो हसला. त्याला वाटलं, नेहमीचा टोमणा आहे.

"नाताळच्या आदल्या दिवशी," त्या म्हणाल्या, "मासा वाढून झाल्यावर तू विदाला म्हणालास, की आई केव्हाच गेली, हे नुसतं अंग बसलंय खुर्चीत. मी तुझ्या समोर होते, आर्वो."

तो असं म्हणाला होता. आणि मी मान हलवली होती. आर्वोनं कप खाली ठेवला, तो बशीत नीट बसलाच नाही, सगळी कॉफी टेबलावर सांडली. ती पुसायला कुणी उठलं नाही.

"मला सगळं ऐकू येत होतं," सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी इथेच आहे रे, एवढंच सांगायचं होतं. शब्द हाताला लागेनात. ताटाकडे बघत तेच शोधत होते. एक सापडला की दुसरा जायचा. तेवढ्यात तुम्ही कोट घातलेत आणि निघून गेलात."