तांदळाच्या डब्यातलं कार्ड

मढहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या आडतीत कांद्याच्या गोण्या उतरवून घेत होतो. "मामा, आईच्या छातीत लई दुखतंय. गाडीत घातलंय तिला. तुमी दवाखान्याच्या दारात थांबा." मी थांबलो, पण गाडी हायवेच्या गर्दीत अडकली. शेवटी मीच ट्रकांच्या मधून पळत गेलो. मागच्या सीटवर अक्का घामानं निथळत होती. माझं मनगट धरून म्हणाली, "कार्ड काढू नको आबा... यांचा गुडघा ऱ्हायलाय." त्यानंतर ती बोलली नाही. दवाखान्याचं दार तिथून दिसत होतं.

अक्का गेली त्याला आता दोन महिने झाले. अक्का माझी थोरली बहीण. विम्याचं कार्ड येण्याआधी मढमध्ये अंथरूण धरल्याशिवाय कोणी डॉक्टरकडे जात नसे. कार्ड आलं आणि अक्काला पाय फुटले. कुणाच्या सासूचा मोतीबिंदू, कुणाची गर्भपिशवी... दर आठवड्याला कुणाला ना कुणाला घेऊन ती सकाळच्या एसटीनं मंचरला हजर. कोणती खिडकी, कोणता कागद, सगळं तोंडपाठ. "डॉक्टरीणबाई आल्या," असं मी चिडवायचो. स्वतःची छाती मात्र वर्षभर जळत होती. "पित्त हाय रं," म्हणून ओवा चावायची. मीही खोलात गेलो नाही.

त्या दिवशी दवाखान्यात अक्काचे कागद भरायला बसलो तेव्हा खिडकीतल्या मुलीनं सहज सांगितलं, "हे घरातल्या सगळ्यांना चालतं काका. एकाचं झालं म्हणून संपत नाही." गाडीतलं ते बोलणं तेव्हा मला कळलं. अक्काला वाटत होतं, कार्ड एकदा वापरलं की गॅसच्या टाकीसारखं रिकामं होतं. गावात एका कार्डावर दुसऱ्यांदा कोणी गेलंच नव्हतं, मग तिला सांगणार कोण? आणि हे तिच्या डोक्यात भरवलं कुणी, तर मीच. कार्ड आलं त्याच आठवड्यात ती खोकला दाखवायला निघाली होती. मी वैतागून म्हणालो होतो, "असल्या बारीकसारीक दुखण्याला वापरून टाकू नकोस. जपून ठेव." तिनं ते तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी ठेवलं. माझ्या रागाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

परवा मढला गेलो. दाजी भिंत धरून चालत होते. गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय काढला तर त्यांनी डब्यातून कार्ड काढलं, धोतरानं पुसलं, मला दाखवलं आणि परत तांदळात खुपसलं. "ऱ्हाऊ दे. तूच म्हनला व्हतास ना, जपून ठिव." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता... असता तर बरं झालं असतं.

मी कोपरापर्यंत हात घालून कार्ड वर काढलं. "उद्या सकाळी गाडी आणतो दाजी, तयार राहा," म्हणालो. त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं. ते त्यावरची तांदळाची पावडर अंगठ्यानं पुसू लागले. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून तिचंच नाव आहे, त्यामुळे फोटो अक्काचाच आहे.