पारड्यातला पाटा

नव्वदच्या दशकात मी चांगलीच गुबगुबीत होते. राहात्याच्या बाजारातली कासारीण माझा हात पाहून आधी उसासा टाकायची, मग बांगड्या काढायची. त्यातच उजव्या घोट्याला विळा लागला. जखम एवढीशी, पण भरेचना. खपली धरायची, पुन्हा सुजून वाहायची. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर पाय जाईल."

सासूबाईंनी भैरोबाला नवस बोलला: पाय वाचला तर सुनेच्या भारंभार गूळ वाटीन.

मी घाबरले. पण पायासाठी नव्हे हो, तराजूसाठी! अख्ख्या गावासमोर मी पारड्यात, अन् समोर ढेपांवर ढेपा चढतायत. भात सोडला, गोड सोडलं, पहाटे कालव्याच्या कडेनं चालत सुटले. वर्षभरात चोळ्या ढगळ झाल्या, जखमही भरली. आरशापुढं काय मुरडायचे, येडी!

नवस फेडायला देवळापुढच्या लिंबाला तराजू टांगला. मी ऐटीत बसले. मोजक्या ढेपांतच माझं पारडं वर गेलं. बाया हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी घरून मसाल्याचा पाटा आणवला आणि माझ्या शेजारी पारड्यात ठेवला.

"आत्याबाई, हे काय?"

"नवस बोलले तवा जेवढी हुतीस, तेवढाच भार द्यायचा. देवाला गंडवतीस व्हय?"

"पण ती जाडी गेली की!"

"कुटं जातीय? बसली आसंल हितंच."

पाटा मांडीला गार लागत होता.

त्याच थंडीत घोटा पुन्हा सुजला. बारीक पायावर तीच जखम उघडली. डॉक्टरही चक्रावले. त्यानंतर कालव्यावर चालताना मागून पावलं ऐकू यायची, जड, धापा टाकत. वळून पाहिलं की कुणी नाही. मी थांबले की तीही थांबायची.

नात आता पेशींवर काम करते. ती सांगते, "आजी, रोगाशी लढणाऱ्या पेशींवर जाडेपणाच्या खुणा उमटतात. जनुकं तीच राहतात, पण कुठलं चालू, कुठलं बंद, ते बदलतं. वजन उतरलं तरी त्या खुणा बरीच वर्षं राहू शकतात. पेशींना वाटतं, ती बाई अजून जाडच आहे. तुझ्या घोट्याचंही तसंच झालं असेल. पण नवसाचा यात काही संबंध नाही हं!"

"मी कुठं म्हटलं?"

पाय वाचला. वजन पुन्हा चढू दिलं नाही, अन् कितीतरी वर्षांनी जखम मिटली ती मिटलीच. तोवर सासूबाई नव्हत्या. पाटा आहे. त्यावर चटणी वाटताना हात आपोआप घोट्याकडं जातो.

कालव्यावरची पावलंही थांबली. दमून वाटेत कुठं टेकली असेल ती जाडी, बिचारी. मी मागं वळून पाहत नाही. उठली तर?