खालांचं काडतूस

चिंचेच्या कोळाने पितळ घासल्याचा वास आला की मला जागेवर बसवत नाही. रेवसजवळचं एक घर आठवतं. सुरुवातीच्या काळातल्या काडतुसांचा इतिहास मी तेव्हा शोधत होतो, आणि त्या घरच्या वृद्ध खालांकडे सासऱ्यांनी जपलेलं एक पितळी काडतूस होतं. त्याच्या बुडाशी, बाजूला, बारीक खिळा बाहेर आलेला. बंदुकीचा घोडा या खिळ्यावर पडला की आतली दारू पेटे. पण कुठूनही ठोका बसला तरी पेटे, म्हणूनच ही रचना नंतर मागे पडली. मी पोचलो तेव्हा खाला मागच्या पडवीत तेच काडतूस घासत होत्या आणि चिंचेचा चोथा झाडायला ते पायरीवर आपटत होत्या. आत दारू शिल्लक आहे का, कुणालाच ठाऊक नव्हतं. “खाला, थांबा!” मी ओरडलो. “पावण्यासमोर काळं पितळ ठेवू काय?” त्या हसल्या. “हर ईदला घासते, कधी आवाज नाय केलान.” काही झालं नाही. त्यांचा ओला हात, चकाकतं पितळ आणि खाली पायरी, असा फोटो माझ्या पुस्तकात आहे. वाचक त्याचं कौतुक करतात. तो मी ओरडण्याआधी काढला होता.